कधीपासून दुखतंय?

दादाच्या दवाखान्यात एकच खुर्ची होती, आणि ती दादापेक्षा वयानं मोठी होती. कुठल्याशा निवृत्त दंतवैद्याकडून त्यानं ती उचलून आणलेली. वर घ्यायची असली की पायानं दट्ट्या दाबायचा. खाली आणायची असली की मात्र पेशंटला उठवायचं, खुर्चीच्या पाठीवर दोन सणसणीत थापा द्यायच्या, मग ती हुंकार देत खाली बसायची. दवाखान्याच्या खाली सायकलदुरुस्तीचं दुकान. वर दादानं दाढेला हात घालायला आणि खाली चाकातली हवा सुटायला एकच गाठ पडली, की बाकावर बसलेल्या मंडळींना तो फुस्स आवाज नेमका कुठून आला ते कळायचं नाही. एखादा तर तिथूनच चपला पायात सरकवून पसार व्हायचा.

आज इतक्या वर्षांनी धाकटीला त्या जिन्याचा वास आठवतो. अर्ध्या जिन्यापर्यंत पंक्चरच्या सोल्युशनचा वास, आणि वरच्या अर्ध्यात लवंगेच्या तेलाचा.

धाकटी म्हणजे दादाची बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. पुढे ती मोठ्या संस्थेत गेली, तिला मॅडम म्हणणारी माणसं झाली, केस पांढरे झाले. पण फोनवर दादाचं "काय गं धाकटे" आलं, की तिच्या सगळ्या पदव्या खुंटीला अडकवल्यासारख्या बाजूला होतात.

तेव्हा मात्र ती कॉलेजमागच्या जुन्या इमारतीत संशोधन करणारी, खांद्याला पिशवी अडकवून सायकल हाणणारी पोरगी होती. वडील जाऊन थोडीच वर्षं झाली होती. घरात आई, दादा आणि ती. दादाचा दवाखाना नुकता कुठे चालायला लागला होता.

तिचा विषय ऐकला की नातेवाईक विषय बदलत. विषय तसा सोपा होता. दाताच्या आत जो मऊ गर असतो, ज्याला आपण सरसकट नस म्हणतो, त्या गरात काही पेशी अशा असतात की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. त्या मूळपेशी. शाळेतून नुकत्या सुटलेल्या पोरांसारख्या. त्यातली एखादी पुढे दाताचं कठीण अस्तर घडवायला लागते, एखादी चरबीची होते, एखादी आयुष्यभर काहीच होत नाही. गंमत अशी की जनुकं सगळ्यांकडे तीच असतात. कुठलं जनुक उघडायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, एवढ्यावर सगळं ठरतं. हे ठरतं कसं, ते धाकटीला बघायचं होतं.

त्यासाठी दाढा हव्या होत्या. ताज्या आणि निरोगी. आणि माणसाच्या तोंडातून सहजी काढता येण्यासारखी, नसली तरी कुणाचं काही न अडणारी दाढ एकच. अक्कलदाढ.

दादाला तर आयतंच कोलीत मिळालं. अक्कलदाढ काढायला आलेल्या प्रत्येक माणसाला तो समोर कागद सरकवून म्हणायचा, "काका, तुमची अक्कल कचऱ्यात टाकण्यापेक्षा माझ्या बहिणीला द्या. तिला जरा कमी पडते." माणूस गालाला हात लावून हसायचा आणि सही करायचा. सहीशिवाय एकही दाढ तिथून हलत नसे, एवढं दादाचं काटेकोर होतं. मग ती दाढ बर्फ भरलेल्या थर्मासात, आणि थर्मास धाकटीच्या सायकलच्या पुढच्या टोपलीत.

"सांभाळून ने गं," दादा खिडकीतून ओरडायचा. "रस्त्यात सांडलीस तर शेजारचा कुत्रा शहाणा होईल."

प्रयोगशाळेत दाढ पकडीत आवळून फोडायची, आतला गर चिमट्यानं काढायचा, बारीक करायचा, मोकळ्या झालेल्या पेशी बशीत पसरून अंगाइतक्या उबेच्या कपाटात ठेवायच्या. मग रोज सूक्ष्मदर्शकातून बघायचं. काही दिवस काहीच दिसायचं नाही. मग एखाद्या सकाळी बशीच्या तळाला चिकटलेली एक लांबोडकी पेशी दिसायची, मग तिच्या शेजारी दुसरी, आणि बघता बघता नुसती गर्दी. त्यांना कठीण अस्तराकडे वळवणारं खाद्य द्यायचं, आणि शेवटी लाल रंग टाकायचा. जिथे कठीण थर जमला असेल तिथे तो रंग धरून बसतो. बशी लालभडक झाली, की पेशींनी मनावर घेतलं असं समजायचं.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी बशा वेड्यासारख्या वागायला लागल्या. एक लाल, एक फिकट, एक तर कुठल्याच निरोगी पेशीची झाली नव्हती इतकी लाल. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून रांगेनं मांडलेल्या बशा पाहिल्या आणि म्हणाल्या, "हाताला शिस्त नाही. फेकून दे आणि पुन्हा कर."

धाकटीनं हात तपासला, खाद्य तपासलं, कपाटाची ऊब तपासली. सगळं जिथल्या तिथे. मग एक शंका तिच्या मनात आली, आणि ती घेऊन ती घरी जेवायला बसली.

"दादा, गेल्या काही महिन्यांत दिलेल्या दाढा निरोगी होत्या ना?"

दादानं घास जरा जास्तच चावला. "बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे काहींच्या आत सूज होती. थोडीशी."

"आणि काहींच्या?"

"काहींच्या जरा जास्त."

धाकटीचा हात ताटातच थांबला. "मी निरोगी मागितल्या होत्या!"

"अगं, निरोगी दाढ घेऊन माझ्याकडे येतो कोण? लोक काय हौसेनं येतात? दुखतं म्हणून येतात. तू थर्मास रिकामा बघून तोंड एवढंसं करायचीस, म्हणून दिल्या. तुझ्याचसाठी दिल्या."

"माझं सगळं वर्ष पाण्यात गेलं. तुला काय त्याचं? तुझं उपटलं की झालं काम!"

दादानं पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला, आणि अर्ध्या ताटावरून उठला. आईनं दोघांकडे पाहिलं. "आपलेच दात, आपलेच ओठ," ती स्वतःशीच म्हणाली आणि ताटं गोळा करायला लागली.

मग घरात अबोला आला. आईची अवस्था टपालखात्यासारखी झाली. "तुझ्या लेकाला सांग, इस्त्रीवाला आलाय." "तुझ्या लेकीला सांग, मला दिसतोय तो." थर्मास स्वयंपाकघराच्या फळीवर पालथा पडून राहिला. आईनं समजूत घालताना दाताच्या कण्या केल्या, पण दोघंही एकाच आईची, तेव्हा हट्टाला कमी कशी असणार!

धाकटी बशा फेकायला निघाली तो दिवस तिला स्वच्छ आठवतो. बाहेर लख्ख ऊन होतं, इमारतीत कुणी नव्हतं. फेकण्याआधी तिनं सहज म्हणून सुजलेल्या दाढांच्या बशा वेगळ्या केल्या आणि खिडकीशी नेऊन ओळीनं लावल्या. आणि तिथेच ती उभी राहिली. मधली अशी एकही बशी नव्हती. काही निरोगीपेक्षाही लालभडक. बाकीच्या कोऱ्या, जणू त्यांना कठीण थर घडवायचं खाद्य कधी मिळालंच नव्हतं. सूज तर सगळ्यांच्याच नशिबी आली होती. मग एकीनं जोमानं काम धरलं आणि दुसरीनं हात टेकले, असं का?

सुजेत फरक काय असेल? कमीजास्त? की नवी आणि जुनी?

हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि त्याच्याशी तर बोलणं बंद होतं.

त्या संध्याकाळी ती दवाखान्यात गेली आणि बाकावर नंबर लावून बसली. तिच्यापुढे एक म्हातारबुवा होते आणि एक रडवेलं पोर घेतलेली बाई. दोघांचं झाल्यावर दादानं आतून नेहमीसारखी हाक दिली, "पुढचं कोण?" धाकटी जाऊन खुर्चीत बसली. दादानं वर पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"काय त्रास आहे?"

"अक्कल दुखतेय."

दादानं छोटा आरसा उचलला. "आ करा." तिनं आ केला. त्यानं दिवा ओढून मनापासून आत पाहिलं, आरसा इकडून तिकडे फिरवला, आणि गंभीरपणे म्हणाला, "दुखेल कशी? इथे तर अजून उगवलेलीच नाही."

खालून फुस्स आवाज आला. आधी कोण हसलं यावर आजही त्यांचं एकमत नाही.

मग तिनं त्याला बशांचं सांगितलं. दादा ऐकता ऐकता स्टुलावर बसला. "कधीपासून सूज होती हे मी लिहून ठेवत नाही," तो म्हणाला. "कुठली दाढ आणि कधी काढली, एवढंच. माणूस खुर्चीत बसला की त्याला ती बाहेर हवी असते, मला पुढचा पेशंट हवा असतो. कोण विचारतंय!"

"मग आता विचारू."

"कुणाला? दाढेला?"

"ज्यांची होती त्यांना."

अशी त्या दोघांची वरात सुरू झाली. दवाखाना दुपारी बंद असायचा आणि रविवारी अर्धा दिवस. पत्ते दादाकडे होतेच. दादाची राखाडी स्कूटर, मागे धाकटी. स्कूटर चढावर दमायची, मग धाकटीनं उतरून चालायचं आणि दादानं वर जाऊन थांबायचं. ती पोचली की तो म्हणायचा, "पोचलात? चहा घेणार की थेट मुक्काम?"

आता जी दाढ तोंडात नाही ती कधीपासून दुखत होती, हे विचारायला कुणी दारात आलं, तर माणूस काय म्हणेल? पहिल्या घरी तर बाईंनी दारच उघडलं नाही. त्यांना वाटलं, डॉक्टर ती परत बसवायला आलेत.

पण बाकीचे बोलले. भडाभडा बोलले. धाकटीनं मनाशी धरलं होतं की लोक दिवस सांगतील, आठवडे सांगतील. तसं कुणीच सांगितलं नाही. बस चालवणारा गडी म्हणाला, "माझी पाळी बदलून त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर टाकली ना, तेव्हापासून." एक शिवणकाम करणारी बाई मशीन न थांबवता म्हणाली, "शेजारणीनं भिंत घातली तेव्हा ठणकायला लागली, आणि भिंतीला रंग देईपर्यंत मी आले तुमच्याकडे." आता भिंत कधी घातली हे शेजारणीला विचारणं आलं. शेजारणीनं भिंतीचा मुद्दा निघताच दोघांना दारातच इतकं ऐकवलं, की पळता भुई थोडी झाली.

निवृत्त पोस्टमास्तर छाती काढून म्हणाले, "दुखत कसली नव्हती. सहज काढून टाकली."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "सहज? उन्हाळाभर उशीत तोंड खुपसून कण्हत होता ते?"

"ते मी विचार करत होतो."

"मग विचारच काढला डॉक्टरांनी!"

परतताना स्कूटरवर दादा इतका हसत होता की त्याला बाजूला थांबावं लागलं. धाकटीला त्या सगळ्या दुपारी एकमेकींत मिसळून गेल्यासारख्या आठवतात. शहराची कडेची वस्ती, दोन्ही बाजूंनी वाळत घातलेले कपडे, कुठल्यातरी घरात लागलेला रेडिओ, आणि पाठमोऱ्या दादाच्या शर्टवर घामाचा मोठा डाग. तो पुढून काहीतरी बोलायचा, निम्मं वाऱ्यावर जायचं, आणि ती न कळताच "हो ना" म्हणायची.

शेवटी शेवटी ते बेकरीवालीकडे गेले. गावात पाव मिळण्याचं ते जुनं ठिकाण. भट्टी विझत आली होती, आणि बाई रिकामे ट्रे एकात एक घालत होती. साधारण पन्नाशीची, हाताला पीठ, बोलायला कमी. तिची अक्कलदाढ दादानं काढली तेव्हा आतून पार नासलेली होती, हे त्याला आठवत होतं.

"कधीपासून दुखत होती हो?" दादानं विचारलं.

बाईनं ट्रे ठेवला. "आमचे हे गेले त्याच्या थोडं आधीपासून."

"म्हणजे?" धाकटीनं विचारलं. "गेल्या वर्षी?"

"त्याच्या आदल्या."

"एवढे दिवस? मग आधी का नाही आलात?"

बाईनं तिच्याकडे असं पाहिलं, की धाकटीला वाटलं आपण विचारायला नको होतं. "अगं, लोक भेटायला येत होते. डोळे पुसत होते. त्यात मी काय सांगू, माझी दाढ दुखते? घरातलं माणूस गेल्यावर दाढेचं काय घेऊन बसायचं! मग ती दुखायचीच. सवय झाली."

तिनं उरलेले ट्रे एकात एक घातले. मग बाईनंच विचारलं, "माझ्या दाढेत काय सापडलं?"

धाकटीनं सांगायचा प्रयत्न केला. दाढ सुजली, की शरीर पेशींना निरोप धाडतं. निरोप पेशीच्या दारावर थडकतो, तिथून आत तिच्या केंद्रकापर्यंत पोचतो, आणि कुठली जनुकं उघडायची, कुठली मिटायची ते बदलतो. "निरोप थोडा वेळ आला तर पेशी डागडुजीला लागत असाव्यात. पण तो येतच राहिला तर घडवणारी जनुकं कुलूप लावल्यासारखी बंद होत असावीत. असं मला वाटतंय. खात्री नाही. तुमच्या पेशी माझ्याकडे कधीच्या सुखात आहेत. सूज नाही, काही नाही, वेळेवर खाणं. त्यांच्या नाती-पणती झाल्या बशीत. त्या नातींनी सूज बघितलीसुद्धा नाही. तरी त्या काही घडवायला तयार नाहीत."

"आजीचं दुखणं धरून बसल्यात," बाई म्हणाली.

"हो. तसंच."

"मग ते कुलूप परत उघडतं का?"

"माहीत नाही," धाकटी म्हणाली. खरं तेच होतं.

बाईनं मान हलवली आणि दोघांच्या हातात एकेक गरम पाव दिला. पैसे घेईना.

स्कूटर थोडं अंतर गेली आणि दादानं ती एका बंद शाळेच्या कुंपणाशी उभी केली. उतरला नाही. पुढे बघतच म्हणाला, "बाबा गेले त्यानंतर मी लगेच दवाखाना उघडला होता. आठवतं?"

आठवत होतं. धाकटीला तेव्हा त्याचा रागही आला होता. याला काही वाटतं की नाही, असं तिनं आईला बोलूनही दाखवलं होतं.

"भुलीचं इंजेक्शन दिलं की दाढ बधिर व्हायला थोडा वेळ द्यावा लागतो," दादा म्हणाला. "पेशंटला सांगायचं, बसा हं, आलोच. आणि आतल्या खोलीत जायचं. तिथे नळ सोडून ठेवायचा, म्हणजे बाहेर ऐकू येत नाही. मग तोंड धुवायचं, बाहेर यायचं, दाढ काढायची. सगळा महिना तसंच केलं. लोक म्हणायचे, डॉक्टर हात फार स्वच्छ धुतात."

 तिनं पुढे वाकून त्याच्या पाठीला डोकं टेकवलं. कुंपणापलीकडे कुणीतरी मैदानाला पाणी मारत होतं.

"पाव निवतोय," थोड्या वेळानं दादा म्हणाला, आणि दोघांनी तिथेच बसून तो खाल्ला.

बशांशी माणसं जोडून पाहिली तेव्हा चित्र उमटलं. ज्यांनी दुखताच धाव घेतली होती, त्यांच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा लाल. ज्यांनी सोसलं होतं, त्यांच्या कोऱ्या. सगळंच काही जुळलं नाही. बसवाल्यानं थोडेच दिवस सोसलं होतं म्हणे, तरी त्याची बशी कोरीच राहिली. तो खोटं बोलला, की त्याच्या पेशीच आळशी, हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेजारणीची भिंत हा पुरावा नव्हे. भिंतीशिवाय दाखव."

बरोबरच होतं ते. धाकटीनं मग पहिल्या वर्षीच्या, गोठवून ठेवलेल्या निरोगी दाढांच्या पेशी घेतल्या. सुजेचा तो निरोप म्हणजे एक प्रथिन असतं, आणि ते बाटलीत विकत मिळतं. काही बशांना ते थोडा वेळ देऊन धुऊन टाकलं, काहींना देतच राहिली. मग सगळ्यांना सारखं खाद्य. मग लाल रंग.

त्या दिवशी तिनं दादाला मुद्दाम बोलावलं. तो पहिल्यांदाच तिच्या प्रयोगशाळेत आला, बाहेर बूट काढायला लागला तेव्हा सगळे हसले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यानं बराच वेळ पाहिलं.

"काय दिसतं?" तिनं विचारलं.

"माझ्याच पापण्या."

तिनं भिंग नीट लावून दिलं. मग पेशी दिसल्या. "एवढ्याशा?" तो म्हणाला. "आणि मी एवढी मोठी पकड घेऊन जातो." टेबलावर बशांच्या दोन ओळी होत्या. थोडा वेळ निरोप मिळालेल्यांची ओळ जास्वंदीसारखी लाल, आणि सतत मिळत राहिलेल्यांची पाण्यासारखी. पलीकडे जुन्या बशाही मांडून ठेवल्या होत्या. दादानं त्यातल्या एका कोऱ्या बशीवरची चिठ्ठी वाचून बोट दाखवलं, "हे पोस्टमास्तर ना? बघ, अजून विचारच करतायत."

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना ते विनोद म्हणून आवडलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, दोन्ही ओळी नीट पाहिल्या, आणि म्हणाल्या, "लिहायला घे."

लेख छापून आला. फार मोठा गाजावाजा झाला नाही, पण त्याच्या जोरावर धाकटीला दूरच्या एका संस्थेत जागा मिळाली आणि ती गेली. दादाचं लग्न झालं, मुलगी झाली. स्कूटर विकली गेली तेव्हा त्यानं फोन केला आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. विकल्याचं आईकडून कळलं.

कुलपाचं उत्तर तिला पुढे बऱ्याच वर्षांनी मिळालं, तेही अर्धंच. जनुकाभोवतीची गुंडाळी आवळली जाते, तिच्यावर बारीक खुणा बसतात, आणि पेशी विभागली तरी त्या खुणा बऱ्याचदा लेकीकडे जातात. एक औषध बशीत घातलं की काही खुणा पुसल्या जायच्या, आणि काही पेशी पुन्हा थर घडवायला लागायच्या. काही नाही लागायच्या. तिनं ते दादाला सांगितलं, बेकरीवालीला कळव म्हणाली.

"सांगितलं," पुढच्या फोनला दादा म्हणाला. "म्हणाली, बरं झालं. आणि मग कवळी टोचते म्हणून माझ्याशी भांडली."

आता धाकटीच्या संस्थेत भलंमोठं गोठवणयंत्र आहे. त्यात हजारांनी नळ्या आहेत, प्रत्येकीवर आकडे. नळी कुणाची ते कुणालाच माहीत नसावं, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण कधी एखादी बशी भलतीच वागली, की तिचा हात नकळत पिशवीकडे जातो. वाटतं, चला, कुणाला तरी विचारून येऊ. कुणाची भिंत, कुणाची बदली, कुणाचं माणूस. मग आठवतं, विचारायला आता दार नाही.

गेल्या वर्षी दादानं दवाखाना मुलीच्या ताब्यात दिला. खुर्ची बदलली, खालचं सायकलचं दुकान जाऊन तिथे मोबाइलचं आलं. दादाचा फोन आला, "काय गं धाकटे, मला इथे काही काम नाही. ये की."

ती गेली. संध्याकाळी दोघं दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली, दादाच्या शब्दांत, "आपलीच मालमत्ता बघायला." गुडघे दोघांचेही बोलायला लागलेले, त्यामुळे जिना चढायला बराच वेळ गेला. आत भाची काम करत होती. दार अर्धं उघडं होतं, आणि तिचा आवाज स्पष्ट येत होता. "कधीपासून दुखतंय?" ती प्रत्येकाला विचारत होती, आणि मग गप्प राहून ऐकत होती.

एक तरुण सांगत होता, "नवीन साहेब आले ना ऑफिसात..."

दादानं धाकटीला कोपर मारलं. ती हसू आवरायला गेली आणि खोकला आला. मग एक आजी सांगायला लागल्या, नातू परदेशी गेला त्या दिवसापासून, आणि नातवाचं सगळं शिक्षण सांगून झाल्यावर दाढेवर आल्या. दादा डोळे मिटून ऐकत होता, मान हलवत. मध्येच म्हणाला, "ही थोडी लाल निघेल."

"छे," धाकटी कुजबुजली. "कोरी. पैज लाव."

"नातू जाऊन फार दिवस नसतील झाले."

"सूर ऐक की त्यांचा!"

आवाज वाढला असावा. भाची हातमोजे घातलेल्या हातांनी दार ढकलून बाहेर आली. "बाबा, आत्या," ती म्हणाली, "बाकावर बसून पेशंटवर पैजा लावू नका. लोक घाबरतायत. चला, जरा फिरून या दोघं."

दोघं शाळकरी पोरांसारखी उठली आणि जिना उतरायला लागली, कठड्याला धरून, एकेक पायरी. रस्त्यावर आल्यावर दादा थांबला आणि दोन्हीकडे बघून म्हणाला, "कुठे जायचं?"

"तू पुढे हो," धाकटी म्हणाली. "मी येते मागून."